दिसणारी रेषा, न दिसणारी रेषा

टेबलावर एक काडेपेटी ठेवा आणि थोडी तिरकी करून वरून पाहा. तिला ६ बाजू आहेत. पण एका वेळी दिसतील फक्त ३. आता कडा मोजा. एकूण १२ कडांपैकी ९ दिसतात आणि ३ पेटीच्याच आड जातात. चित्र काढताना या ३ कडा आपण सहजच गाळतो. पण हेच काम संगणकाला सांगितले तर?

संगणकाला डोळे नाहीत. त्याच्या दृष्टीने पेटी म्हणजे ८ कोपऱ्यांचे सहनिर्देशक आणि कोणते कोपरे एकमेकांना जोडलेले आहेत याची यादी. ही यादी जशीच्या तशी प्लॉटरकडे, म्हणजे संगणकाच्या आज्ञेनुसार कागदावर लेखणी फिरवणाऱ्या यंत्राकडे पाठवली, तर १२ही रेषा उमटतात. चित्र तारेच्या पिंजऱ्यासारखे दिसते. त्याचा तोटा असा, की पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती हेच कळत नाही. स्फटिकांच्या आकृत्या पाहताना होणारा हा दृष्टिभ्रम स्विस शास्त्रज्ञ लुई नेकर यांनी १८३२ साली नोंदवला होता. गंमत म्हणून हे ठीक आहे. पण यंत्राच्या भागाचे चित्र असे दुहेरी अर्थाचे निघाले, तर कारागीर खाच भलत्याच बाजूला पाडील!

मग झाकलेल्या रेषा ओळखायच्या कशा? पहिली युक्ती सोपी आहे. प्रत्येक बाजूवर बाहेरच्या दिशेने एक लंब उभा आहे असे समजा. हा लंब आणि बाजूपासून डोळ्याकडे जाणारी रेषा यांमधील कोन ९० अंशांपेक्षा कमी असेल, तर ती बाजू आपल्याकडे तोंड करून आहे. जास्त असेल, तर तिने पाठ फिरवली आहे. ज्या कडेच्या दोन्ही बाजूंनी पाठ फिरवली, ती कड गाळावी. काडेपेटीच्या नेमक्या ३ कडा अशा सापडतात.

पण खुर्चीला ही युक्ती पुरत नाही. खुर्चीच्या मागच्या पायाची एक बाजू आपल्याकडे तोंड करून असते, तरी बैठकीमुळे ती अर्धवट झाकली जाते. अशी कड पूर्ण काढता येत नाही आणि पूर्ण गाळताही येत नाही. ती तोडावी लागते. चित्रात ती कड दुसऱ्या बाजूंच्या कडांना जेथे जेथे छेदते, तेथे तेथे तिचे तुकडे पाडायचे. एक तुकडा एकतर संपूर्ण दिसतो किंवा संपूर्ण झाकलेला असतो. म्हणून त्याचा मध्यबिंदू तपासला की पुरे. डोळ्यापासून मध्यबिंदूपर्यंत रेषा कल्पावी; वाटेत एखादी बाजू आडवी आली, तर तो तुकडा गाळावा.

रीत समजायला सोपी, पण हिशेब प्रचंड! कडा १,००० असतील, तर त्यांच्या जोड्या होतात ४,९९,५००. म्हणूनच हिशेब वाचवण्याच्या युक्त्या शोधल्या गेल्या. १९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी झाकलेल्या रेषा गाळण्याची एक गणिती रीत मांडली. १९६७ साली आर्थर अ‍ॅपेल यांनी सुचवले, की कडेवरून चालत जावे आणि आपल्यापुढे किती पृष्ठे आड येतात ते मोजत राहावे. आकडा शून्य असेल तेवढाच भाग काढायचा. हा आकडा बाह्यरेषा ओलांडतानाच बदलतो, त्यामुळे प्रत्येक बिंदू तपासावा लागत नाही.

पडद्यावर आणखी एक सोय असते. दूरची वस्तू आधी रंगवावी आणि जवळची तिच्यावर रंगवावी. मागचे आपोआप झाकले जाते. लेखणीला मात्र हे साधत नाही. कागदावर शाई एकदा उमटली की ती पुसता येत नाही. म्हणून लेखणी टेकण्यापूर्वीच सारा हिशेब पुरा व्हावा लागतो.

आणखी एक खोड पाहा. प्रत्येक बाजूच्या ४ कडा वेगवेगळ्या काढल्या, तर ६ बाजूंच्या २४ रेषा होतात. म्हणजे प्रत्येक कड दोनदा! त्याच रेषेवरून लेखणी पुन्हा फिरली की शाई पसरते, रेषा जाड होते आणि वेळही वाया जातो. म्हणून एकावर एक येणाऱ्या रेषा शोधून त्यांतील एकच ठेवावी लागते. आज लेखणीच्या प्लॉटरची जागा बहुतेक ठिकाणी शाई फवारणाऱ्या यंत्रांनी घेतली आहे. पण लेसर किरणाने पत्रा किंवा लाकूड कापताना हीच काळजी घ्यावी लागते. तीच रेषा दोनदा कापली, तर लाकडाची कड करपते.

आता तुम्हीच करून पाहा. दोन काडेपेट्या अशा ठेवा, की पुढची मागचीला थोडी झाकील. मागच्या पेटीच्या किती कडा पूर्ण दिसतात, किती तुटतात आणि किती नाहीशा होतात, ते मोजा. नंतर डोके थोडे हलवून पुन्हा मोजा. आकडे बदलले ना? डोळ्याची जागा बदलली की संगणकालाही सारा हिशेब पुन्हा करावा लागतो, तो याचसाठी.