सव्वा वितीची मस्तानी

सिनेमातला पोशाख बाहुलीला शिवायचा म्हटलं की पोरखेळ वाटतो, पण पहिल्याच टाक्याला गणित आडवं येतं. बाजारातली फॅशन बाहुली साधारण २९ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम सव्वा वीत. माणसाचा सहावा हिस्सा. तिच्या पदरावर २ मिलिमीटरचा काचमणी लावला, तर तो माणसाच्या साडीवर १२ मिलिमीटरचा, बोराएवढा वाटेल. सव्वाआठ मीटरची नऊवारी तिला १३७ सेंटिमीटरमध्ये बसते. लांबी घटते, कापडाची जाडी मात्र तेवढीच राहते. पैठणीचा खरा तुकडा नेसवला, तर निऱ्या पोटावर गठ्ठा होऊन बसतात. म्हणून हौशी मंडळी मलमल, शिफॉन, नाहीतर एखादी झिरझिरीत ओढणी शोधतात.

ही हौस मुंबईत बहरली नसती तरच नवल. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. दादासाहेब फाळक्यांनी तो दादरला चित्रित केला होता आणि तारामती बनून साडीत वावरत होते अण्णा साळुंके. १९४२मध्ये परळला व्ही. शांतारामांचं राजकमल कलामंदिर आलं. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) आणि 'नवरंग' (१९५९) यांनी पडद्यावर रंगांची उधळण केली. वेशभूषेला जगात मान मिळवून दिला तो कोल्हापूरच्या, जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या भानु अथैयांनी. 'आम्रपाली'साठी (१९६६) त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांचा आधार घेतला. 'गांधी'साठी १९८३मध्ये जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळवलं, भारताचं पहिलं.

बाहुलीसाठी मात्र हल्ली आव्हान वाटते ती 'बाजीराव मस्तानी'तली (२०१५) मस्तानी. अंजू मोदींच्या वेशभूषेतला आरसेमहालातला तो सोनेरी, घेरदार पोशाख! भव्य पडद्यावर त्याची नक्षी लांबूनही उठून दिसते. बाहुली हातभर अंतरावरून पाहिली जाते. तिथे नक्षी जशीच्या तशी उतरवली, तर सगळा सोनेरी चिखल होतो. दहा वेलबुट्ट्यांतली एकच उचलायची आणि बाकी जागा मोकळी सोडायची.

सामान भुलेश्वरला मिळतं: टिकल्या, नळीमणी, जर, लेस. टिकली जितकी बारीक तितकी बरी. मण्यांसाठी लांब, बारीक सुई लागते, कारण साध्या सुईचं नेढं मण्याच्या भोकातून जात नाही. नक्षी भरायची ती कापड बेतण्याआधी, चौकटीवर ताणून. दोन-तीन मणी ओवायचे, सुई मागे घेऊन शेवटच्या मण्यातून पुन्हा काढायची. मग एक धागा तुटला तरी सगळी ओळ ओघळत नाही. शिवणीच्या जागी अर्धा सेंटिमीटर कापड कोरं ठेवायचं, नाहीतर मशीनची सुई मण्यावर आपटून मोडते. घेराच्या कडेला काचमणी लावण्यात आणखी एक फायदा आहे. हलकं कापड बाहुलीच्या अंगावर फुगून राहतं; मण्यांचं वजन त्याला खाली ओढतं आणि घेर नीट पडतो.

लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांत हेच गणित उलटं चालतं. उंच मूर्ती मंडपात दुरून पाहायची, म्हणून तिच्या मुकुटावर मोठे खडे आणि आरसे. घरगुती मूर्तीला खऱ्या कापडाचं धोतर नेसवून, फेटा बांधून त्यावर 'डायमंड वर्क' करतात, तेव्हा खडा लहान होतो. सिनेमाही तिथे पोचलेलाच आहे: 'बाहुबली'च्या थाटातले गणपती आले, २०२२मध्ये 'पुष्पा'ही आला. गौरी-गणपतीच्या दिवसांत लालबागच्या बाजारात मूर्तीसाठी टांगलेले छोटे हार आणि बाजूबंद बाहुलीवाल्यांच्याही कामाचे. मूर्तीचा बाजूबंद बाहुलीचा कंबरपट्टा होतो.

शेवटचा प्रश्न शिवण्याआधीच सोडवावा लागतो: बाहुली कपाटात उभी राहणार की खेळायला जाणार? कपाटातली असेल, तर पोशाख अंगावरच टाचून टाकता येतो. जर काळी पडू नये म्हणून दमट हवेपासून जपावं, एवढंच. खेळातली असेल, तर पाठीला टिचबटणं हवीत, आतून अस्तर हवं, म्हणजे टाके बोटांत अडकत नाहीत. आणि घरात तीन वर्षांखालचं मूल असेल, तर मणी-टिकल्या नकोतच. ते तोंडात जातात. अशा घरची मस्तानी जरीच्या दोऱ्याने भरून काढावी.