छातीतील जळजळ आणि जठराचे द्वार

जेवणानंतर छातीच्या मध्यभागी जळजळू लागले व आंबट पाणी घशाशी आले, म्हणजे ‘पित्त उसळले’ असे आपण म्हणतो. वस्तुतः वर येते ते मुख्यतः जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल. जठराच्या अंतस्त्वचेवर श्लेष्म्याचे जाड आवरण असल्यामुळे तेथे ते बाधत नाही. अन्ननलिकेस असे कवच नाही. बहुसंख्य रुग्णांत आम्ल प्रमाणाबाहेर निर्माण होत नसून ते अस्थानी जाते, हाच खरा दोष होय.

अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी एक वर्तुळाकार स्नायू द्वारपालाप्रमाणे असतो. घास उतरताना तो सैल होतो, एरवी मिटलेला राहतो. जठर तुडुंब भरले, पोटावरील मेदाचा दाब वाढला, अथवा जठराचा काही भाग मध्यपटलाच्या छिद्रातून वर सरकला, म्हणजे हे द्वार नीट राखले जात नाही. मद्य व तंबाखू यांनीही ते शिथिल होते.

उपचाराची दिशा यावरूनच ठरते. रात्रीचे जेवण बेताचे असावे आणि त्यानंतर तीन तास आडवे होऊ नये. पलंगाचे डोक्याकडील पाय १५ ते २० सेंटिमीटर उंच करावेत. नुसत्या उशा रचल्याने मान वाकते व पोट दबते. डाव्या कुशीवर निजल्यास जठर अन्ननलिकेच्या मुखाखाली राहते. वजन अधिक असल्यास ते घटविणे विशेष गुणकारी ठरते.

१९८८ पासून प्रचारात आलेले ओमेप्राझोल व त्याच्या वर्गातील औषधे आम्लाची निर्मिती रोखतात, त्यामुळे अन्ननलिकेचे व्रण भरून येतात. ती न्याहारीपूर्वी अर्धा तास घ्यावयाची असतात. परंतु ती द्वार दुरुस्त करीत नाहीत; म्हणूनच औषध थांबताच पुष्कळदा त्रास परततो. ती किती काळ घ्यावीत, हे वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे.

दीर्घकालीन दाहामुळे काही रुग्णांत अन्ननलिकेची अंतस्त्वचा पालटते. १९५० मध्ये या विषयावर लिहिणारे शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांचे नाव या अवस्थेस मिळाले आहे. अशांपैकी थोड्यांना पुढे कर्करोग होतो. म्हणून घास अडकणे, रक्ताची उलटी, काळा मल वा अकारण वजन घटणे यांपैकी काहीही आढळल्यास दुर्बिणीची तपासणी टाळू नये. जळजळीबरोबर घाम वा धाप असेल, किंवा ती श्रमाने वाढत असेल, तर ती हृदयविकाराचीही असू शकते. अशा वेळी सोडा घेऊन वाट पाहणे प्राणावर बेतू शकते. तत्काळ रुग्णालय गाठणे हेच श्रेयस्कर.