तबकडीचे माप आणि घरची चित्रफीत

एखाद्या लग्नाची, मुलाच्या पहिल्या पावलांची किंवा आता हयात नसलेल्या आजीच्या बोलण्याची चित्रफीत कॅसेटच्या रूपाने कपाटात पडून आहे, अशी कुटुंबे आपल्याकडे पुष्कळ आहेत. कॅसेट चालविणारी यंत्रे मात्र दुर्मिळ होत चालली आहेत. जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ च्या जुलैमध्ये व्हीएचएस यंत्रे बनविणे थांबविले. म्हणून ही चित्रे संगणकात घेऊन डीव्हीडी तबकडीवर उतरविण्याची खटपट केली जाते. तीत दोन तक्रारी हटकून ऐकू येतात. 'फाईल फार मोठी झाली' ही एक, आणि 'तबकडीत मावत नाही' ही दुसरी. दोन्ही एकच समजल्या जातात. वस्तुतः त्या अगदी निराळ्या आहेत, आणि त्यांची गल्लत झाली म्हणजे पुन्हा न मिळणारे चित्र विनाकारण बिघडविले जाते.

पहिली तक्रार जागेची नव्हेच. ती हिशेबाच्या वहीची आहे. जमाखर्चाच्या वहीत रकमेसाठी आठच घरे आखली असतील, तर तिजोरीत कितीही धन असो, नऊ आकडी रक्कम त्या वहीत लिहिता येणार नाही. १९९६ मध्ये प्रचारात आलेली फॅट-३२ नावाची मांडणी अशीच आहे. फाईलची लांबी लिहिण्यास तिने शून्य व एक या अंकांची बत्तीस घरे दिली. त्यांत बसणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. याहून एक बाइट अधिक झाला, की लेखणी थांबते. पुष्कळ पेन ड्राइव्ह आजही याच मांडणीचे असतात.

आता मिनीडीव्ही कॅसेट घ्या. आपल्याकडील पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात आणि या कॅसेटवरील प्रत्येक चित्र, आवाजासह, १,४४,००० बाइटांचे असते. म्हणजे सेकंदाला ३६ लाख बाइट. या गतीने फॅट-३२ची मर्यादा वीस मिनिटे पुरी होण्याच्या आतच गाठली जाते. मुहूर्ताच्या आधीच चित्रण का तुटले, याचे उत्तर अनेकदा एवढेच असते. त्यावर चित्र दाबून लहान करणे हा उपाय नव्हे. साठवणीची मांडणी बदलावी; २००६ मध्ये निघालेली एक्सफॅट किंवा त्याहून जुनी एनटीएफएस ही मर्यादा मानीत नाही. मांडणी बदलताना त्यावरचे सर्व पुसले जाते, तेवढे आधी दुसरीकडे हलवावे.

दुसरी तक्रार मात्र खरोखर जागेची आहे. साध्या, एकपदरी डीव्हीडीत सुमारे ४७० कोटी बाइट मावतात. (संगणक हीच जागा जवळजवळ ४.४ गिगाबाइट दाखवितो, कारण तो हजाराऐवजी १,०२४ च्या पटीत मोजतो. दुकानदाराने फसविले असे नव्हे.) मिनीडीव्हीचे मूळ चित्रण जसेच्या तसे ठेवले तर तबकडी पावणेबावीस मिनिटांत भरेल. म्हणून एमपेग-२ पद्धतीने ते आटवावे लागते. ही पद्धत मोठी हिशेबी आहे. मधूनमधून एक चित्र ती पुरे लिहिते आणि पुढच्या चित्रांत काय बदलले तेवढेच टिपते. तासाभराचे चित्रण तबकडीत भरल्यास सेकंदाला सुमारे एक कोटी बिट वाट्याला येतात. चार तास कोंबले तर सव्वीस लाख.

आणि येथे घरचे चित्रण अडचणीत येते. बदल टिपण्यावरच सारी काटकसर उभी असल्यामुळे स्थिर चित्र स्वस्त पडते, हलते चित्र महाग. घरच्या चित्रणात हात थरथरतो, जुन्या व्हीएचएसवर सर्वत्र मुंग्यांसारखी खरखर असते आणि ती प्रत्येक चित्रात निराळी. पद्धत बिचारी तीही बदल समजून इमानाने लिहीत बसते. मंगलाष्टके संपून अक्षतांचा वर्षाव होतो तो क्षण तर सर्वांत महाग, कारण पडद्यावरील कण न् कण जागा बदलतो. चार तासांच्या तबकडीत नेमक्या त्याच क्षणी वधूवरांच्या चेहऱ्यांचे चौकोनी ठोकळे होतात. ज्यासाठी चित्रण केले, तेच गेले! हे नुकसान पुढे भरून निघत नाही; आटविताना टाकलेला तपशील तबकडीतून परत मिळत नाही.

एक खुलासा येथेच करतो. तयार तबकडी संगणकात उघडली की एकाच समारंभाचे चार-पाच तुकडे दिसतात. काही बिघडलेले नसते. डीव्हीडीच्या नियमानुसार प्रत्येक तुकडा एक गिगाबाइटच्या आत ठेवावा लागतो, आणि यंत्र ते सलग वाजविते. प्रत करताना सबंध संचिका उचलावी, पहिलाच तुकडा नव्हे.

तेव्हा क्रम असा ठेवावा. कॅसेटवरून उतरविलेले मूळ चित्रण न आटविता हार्ड डिस्कवर घ्यावे. मिनीडीव्हीच्या एका तासाला १,२९६ कोटी बाइट लागतात, आणि आजच्या डिस्कला ते जड नाहीत. त्याची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, शक्य तर दुसऱ्या घरी ठेवावी. तबकडी ही पाहुण्यांना दाखविण्याची प्रत समजावी. घरी लिहिलेल्या तबकडीतील रंगद्रव्य उन्हाने व उष्णतेने उतरते. स्टुडिओकडून काम करून घेताना मूळ फाईल मागून घ्यावी आणि कॅसेट परत आणावी. चार तासांचे लग्न असेल तर दोन किंवा तीन तबकड्या कराव्यात, आणि विभागणी करताना मंगलाष्टकांपासून अक्षतांपर्यंतचा भाग मध्ये न तोडता एकाच तबकडीत घ्यावा.