लेखांक ७ : उजळाईवाडी ते न्यूयॉर्क

कोल्हापूरहून मुंबई किती लांब? महालक्ष्मी एक्स्प्रेसने जाणारा ५१८ किलोमीटर म्हणेल, कारण रेल्वे मिरज, सातारा, पुणे असा फेरा घेते. हायवेने गाडी काढणारा पावणेचारशे ते तीनशे ऐंशी सांगेल. उजळाईवाडीच्या विमानतळापासून आकाशातून मोजाल, तर जेमतेम ३०८.

हे ३०८ किलोमीटर एटीआरसारखं विमान ताशी पाचशेच्या वेगाने चाळिशेक मिनिटांत कापेल. वेळापत्रक मात्र तासाभराचा हिशेब धरतं. विमान कंपन्या घड्याळ लावतात ते चाकांखालचे ठोकळे काढून विमान हललं की, आणि थांबवतात ते मुंबईत विमान जागेवर उभं राहिल्यावर. धावपट्टीपर्यंतची रांगत चाल आणि मुंबईवर उतरण्यासाठी घातलेल्या घिरट्या, सगळं त्यात आलं.

आता मुलगी-जावई न्यू जर्सीत असलेल्या घरचा प्रश्न. मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे १२,५३० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान आणि सहारा वाळवंटावरून जाते. पृथ्वी गोल असल्याने ती वाट लांबची. पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून बघा: तो मुंबईहून वायव्येकडे, खरं तर उत्तरेकडेच जास्त झुकत, सिंधवरून मध्य आशियात शिरतो, मॉस्कोजवळून आइसलँडकडे वळतो आणि ग्रीनलँडचं दक्षिण टोक डावलून अमेरिकेत उतरतो. शाळेत भूगोल शिकलेल्यालाही हे एकदम पटत नाही.

विमान या दोऱ्यावरून तंतोतंत जात नाहीच. रशियाने २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना आपलं आकाश बंद केलंय, पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना. वाट वाकडी झाली की इंधन आणि तास दोन्ही वाढतात. त्यात वारा. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाताना सोळा तासांच्या आसपास लागतात, येताना दीड-दोन तास वाचतात. तरी आता मध्ये थांबावं लागत नाही; ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं होतं. लंडन तर न्यूयॉर्कच्या निम्म्याहून थोड्याच जास्त अंतरावर.

घड्याळ आणखी फसवतं. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यामागे साडेदहा तास. रात्री दोनला मुंबई सोडलेला माणूस सोळा तास उडून तिथल्या सकाळी साडेसातला उतरतो, तारीख तीच. परतीला तेच तास अंगावर येतात.

कोल्हापूरकरांसाठी एक गंमत उरते. उजळाईवाडी ते न्यूयॉर्क थेट अंतर १२,८४० किलोमीटरच्या आसपास, आणि मुंबईमार्गे बेरीजही जवळपास तेवढीच. मुंबई त्या दोऱ्यावरच पडते! किलोमीटर वाढत नाहीत, वाढतो तो मुंबईतला मुक्काम. तिकीट काढताना एकूण प्रवासाच्या तासांसोबत मधला थांबा बघायचा तो यासाठीच.