चढावर कळणारे वॅट

मार्कंड्याला वैनगंगेच्या पात्राकडून गावात येणारा रस्ता काही घाट नाही. सायकलवाली पोरे उभ्याने पायडल मारतात आणि निघून जातात. पण आमच्या आपाची जुनी इलेक्ट्रिक स्कूटर तिथे दोघांना घेऊन चढत नाही. मागे बसणाऱ्याने उतरायचे, चढ पायी चढायचा आणि वर जाऊन पुन्हा बसायचे, असा घरचा रिवाजच झाला आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेच्या दिवसांत त्याच चढावर शेजारची भाभी नव्या स्कूटरवर नवरा, मूल आणि पुढ्यात तांदळाचे पोते घेऊन भुर्रकन निघून गेली. दुल्हाभाईंना ते लागले. घरी येताच त्यांनी जाहीर केले, "अडीचशेची मोटर काढून हजाराची टाकू." शहरातला एक मिस्त्री तयारही होता.

आधी हिशेब करून पाहू, असे आम्ही म्हटले. शिक्षकाची खोड, दुसरे काय!

आपाच्या गाडीवर २५० वॅट लिहिले आहे, भाभीच्या गाडीच्या पत्रकावर ४.४ किलोवॅट. म्हणजे नवी गाडी सतरा पट ताकदवान? नाही. हे दोन आकडे एका मापाचेच नाहीत. जुन्या गाडीचा आकडा मोटर अर्धा तास न तापता सलग किती काम करू शकेल ते सांगतो. नव्या गाडीच्या जाहिरातीतला आकडा बहुधा काही सेकंदांच्या जोराचा असतो. चिखलात रुतलेली गाडी बैलजोडी एका हिसक्यात काढते, पण तेवढ्याच जोराने ती दिवसभर नांगर ओढू शकत नाही. हिसका वेगळा आणि दम वेगळा. टीव्हीएस आयक्यूबचेच पाहा. तिचा हिसका ४.४ किलोवॅटचा, सलग दम ३ किलोवॅटचा. २०२० मध्ये पुण्यातून नव्याने आलेल्या विजेच्या चेतकचे आकडे होते साधारण ४ आणि ३.८. उलट ओलाच्या २०२१ च्या एस-वन प्रोची जाहिरात ८.५ किलोवॅटची होती, तोही हिसकाच.

आता जुन्या गाडीला न्याय देऊ. तिची बॅटरी ४८ व्होल्टची आणि कंट्रोलर १५ अँपिअरपर्यंत प्रवाह सोडणारा. गुणाकार केला तर ७२० वॅट. म्हणजे आपाची 'अडीचशे'ची गाडीही क्षणभर सातशेपर्यंत वीज ओढते. हिसक्याशी हिसका ताडला तर फरक सतरा पटींचा नाही, सहा पटींच्या आसपासचा. तोही थोडा नाही. पण सहा आणि सतरा यांत एका घराची वर्षाची बचत अडकलेली असते. माप-तोलात कसर करणाऱ्यांच्या नावाने कुरआनात एक सूरहच आहे, सूरह मुतफ्फिफीन. वॅट हेही मापच आहे. दुकानदाराने कोणते माप दाखवले ते विचारायला लाजू नये.

टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, याच्या आकड्यांतही अशीच गंमत आहे. आयक्यूबची मोटर चाकातच बसवलेली आहे, म्हणून तिचा १४० न्यूटन-मीटर हा आकडा चाकावरचा. एथर ४५०-एक्सचा आकडा २६. ती दुबळी आहे म्हणून नव्हे. तिची मोटर चाकाबाहेर आहे, २६ हा मोटरच्या दांड्यावरचा जोर, आणि पट्टा व दातेरी चाके यांतून चाकापर्यंत पोहोचताना तो कित्येक पट वाढतो. पत्रके शेजारी ठेवून नुसते आकडे वाचणारा इथे हमखास फसतो.

मग चढावर नेमके काय होते? गाडी आणि दोन माणसे मिळून २०० किलो धरू. वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची, असा चढ धरू. ताशी २५ किलोमीटरने चढायचे तर नुसती उंची गाठायलाच ६८० वॅट हवेत. टायरची घासण आणि वारा वेगळा. जुनी गाडी बॅटरीतून ७२० ओढत असली तरी त्यातले बरेच उष्णतेत जाते. हळू फिरणाऱ्या चाकातल्या मोटरचा तर फारच मोठा हिस्सा तापण्यात जातो. म्हणून वेग निम्म्यावर येतो, मग त्याहून खाली, आणि शेवटी मागच्याने उतरायचे. एकटी आपा असली की वजन साठ किलोंनी कमी होते आणि गाडी रडतखडत का होईना, चढते.

पण आम्हाला खटकले ते वेगळेच. सहा वर्षांपूर्वी हीच गाडी आपाला एकटीला घेऊन या चढावर सहज जायची. मोटर तर तीच आहे.

ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने बॅटरीला मीटर लावला. सपाट रस्त्यावर ४९ व्होल्ट. चढ सुरू होताच काटा ४२ च्या खाली, आणि तिथे कंट्रोलर बॅटरी वाचवण्यासाठी वीज तोडू लागतो. दोष बॅटरीचा होता. शिसे-आम्लाच्या बॅटरीकडून एकदम जास्त प्रवाह मागितला की ती कमी देते, आणि उष्णता तिचे आयुष्य खाते. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या गाडीतल्या बॅटरीचे काय होत असेल? नव्या गाड्यांतली लिथियम बॅटरी शेवटपर्यंत व्होल्टेज बरेच टिकवून धरते, आणि मोटर फार तापली तर गाडी आपणहून जोर कमी करते. लोक ज्याला नव्या मोटरची ताकद म्हणतात, त्यातला मोठा वाटा बॅटरी आणि कंट्रोलरचा असतो. त्याच बॅटरीवर आणि त्याच कंट्रोलरवर दुल्हाभाईंची हजार वॅटची मोटर बसवली असती, तरी तिला मिळणार होते तेच ७२०, तेही कागदावर.

दुसरी बाब अधिक गंभीर. आपाच्या गाडीला नंबर प्लेट नाही, लायसन्स लागत नाही, कारण केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे अर्ध्या तासाची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ पेक्षा कमी आणि बॅटरीशिवाय वजन ६० किलोपर्यंत असेल तर ती मोटार वाहनात मोडत नाही. हजाराची मोटर टाकली की तीच गाडी बिनानोंदणीचे, बिनाविम्याचे मोटार वाहन ठरते. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीमच काढली होती. आणि आपाची ही गाडी संध्याकाळी शिकवणीला कोण नेते? आमची पंधरा वर्षांची भाची. अल्पवयीनाने मोटार वाहन चालवताना गुन्हा घडला तर मोटार वाहन कायद्याचे कलम १९९-अ पालकाला धरते: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. खुदा न करे, कुणाला धक्का लागला तर नुकसानभरपाई विमा कंपनी नव्हे, दुल्हाभाईच भरणार. हे ऐकल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मिस्त्रीने हे सांगितले नाही."

मिस्त्री कशाला सांगेल!

नवी नोंदणीची गाडी घ्यावी हे खरेच आहे, पण व्याजाच्या हप्त्यावर नको, असे आपाचे पहिल्यापासून म्हणणे आहे. बायकांच्या भिशीत तिचा नंबर पुढच्या वर्षी आहे. तोपर्यंत नवा बॅटरी संच बसवला, टायरमध्ये हवा पुरती भरली, ब्रेक घासत होते ते सैल केले. आता एकटी आपा चढावर आरामात जाते. दोघांना मात्र गाडी अजूनही नेत नाही. गेल्या रविवारी उतरून पायी चढायची पाळी आमची होती.