या झोपडीत माझ्या

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (३० एप्रिल १९०९–११ ऑक्टोबर १९६८) यांचे सुप्रसिद्ध पद. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेले तुकडोजी महाराज स्वरचित मराठी व हिंदी भजने खंजिरीच्या साथीने गात. त्यांच्या विपुल रचनांपैकी हे पद त्यांच्या जीवनदृष्टीचा जाहीरनामाच होय.

पदात राजमहाल व झोपडी यांची तुलना आहे. प्रत्येक कडव्यात तीन चरणांना एकच यमक असून चौथ्या चरणी शीर्षकातील शब्द येतात. लय आनंदकंद वृत्ताची असल्याने श्रोत्यांना पालुपद सहज उचलता येते. महालात पहारे व तिजोऱ्या असूनही चोरीचे भय असते; झोपडीच्या दाराला बंधनच नाही. महालाच्या दारी मज्जाव होतो. झोपडीत कोणीही निर्भयपणे यावे आणि सुखाने जावे. येथे झोपडीचे मोठेपण केवळ साधेपणात नसून ती सर्वांना खुली असण्यात आहे.

या पदात दारिद्र्याचे उदात्तीकरण आहे, असा आक्षेप घेता येईल. भंडारा जिल्ह्यासह पूर्व विदर्भातील धानपट्ट्यात मातीच्या भिंती व कवेलूंची छपरे असलेल्या घरांतून राहणाऱ्या श्रोत्यांना झोपडी हे नुसते प्रतीक नव्हते, त्यामुळे हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि स्वेच्छेने पतकरलेली अपरिग्रही वृत्ती आणि लादलेले दैन्य यांत तुकडोजी महाराजांनी भेद केला. १९४२ च्या आंदोलनात त्यांना नागपूर व रायपूर येथे कारावास घडला. पुढे ग्रामगीता (१९५५) या ४१ अध्यायांच्या ओवीबद्ध ग्रंथात त्यांनी ग्रामसफाई, आरोग्य, शिक्षण, श्रमप्रतिष्ठा व अस्पृश्यतानिवारण यांचा आग्रह धरला. झोपडीतील समाधान गाणाऱ्या या संताने गावाची दुरवस्था मात्र कधीही समाधानाची बाब मानली नाही. पदातील खुले दार हेच ग्रामगीतेतील सामुदायिक जीवनाचे बीज होय.

अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथील गुरुकुंज आश्रम व श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा यांमुळे सामुदायिक प्रार्थना व खंजिरी भजन यांची परंपरा विदर्भात खेडोपाडी रुजली. गायकाचे हे आत्मनिवेदन आता समूहाच्या मुखी असते; ‘माझ्या’ हा शब्द तेथे प्रत्येक गाणाऱ्याचा होतो.