चिमणी उरली, भोंगा कोठे गेला?

गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत करी रोडच्या स्थानकात पाय ठेवावयास जागा नसते. १९२० पासूनचा चिंचपोकळीचा चिंतामणी, १९२८ पासूनचा गणेश गल्लीचा गणपती आणि १९३४ पासूनचा लालबागचा राजा यांच्या दर्शनास दूरदूरचे लोक येतात, मसाला गल्लीत मिरची-हळद घेतात आणि परततात. हे उत्सव ज्या गिरणी वस्तीत वाढले, ती वस्ती पाहावयास म्हणून या स्थानकात उतरणारा प्रवासी मात्र विरळाच.

मुंबईला वारशाची जाण नाही, असे नाही. २००४ साली बोरीबंदरच्या रेल्वे स्थानकाला व २०१८ साली दक्षिण मुंबईतील गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्याचा अभिमान रास्तच आहे. परंतु ज्या संपत्तीवर हे शहर उभे राहिले, तिचा मोठा वाटा कापसाचा व गिरण्यांचा होता. १८५४ साली कावसजी दावर यांनी कंपनी स्थापिली, १८५६ साली ताडदेवला पहिली गिरणी सुरू झाली आणि पुढे परळ, लालबाग, करी रोड हा सारा टापू गिरणगाव झाला. त्या गिरणगावाच्या वाट्याला वारशाची पाटी अभावानेच आली.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या मिटत गेल्या. गिरण्यांच्या जमिनीचा वाटा शहराला व घरांना मिळावा, असा नियम १९९१ मध्ये झाला. २००१ च्या दुरुस्तीने तो वाटा आक्रसला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. आज श्रीनिवास मिलच्या जागी गगनचुंबी मनोरे आहेत. फिनिक्सची चिमणी उरली, ती बाजारपेठेची शोभा म्हणून. कामगार रंगभूमीचे माहेरघर असलेले परळचे दामोदर नाट्यगृह २०२३ साली पुनर्विकासासाठी बंद झाले. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याची महापालिकेची योजना वर्षानुवर्षे रेंगाळली.

हे संग्रहालय पूर्णत्वास गेले, तरी त्यात काय ठेवावयाचे, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेतील लोवेल या गिरणीच्या गावाला १९७८ साली राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. तेथे जुन्या गिरणीत यंत्रमाग प्रेक्षकांसमोर चालविले जातात. त्या खडखडाटातच माणसाने आयुष्य कसे काढले असेल, हे मग सांगावे लागत नाही. आपल्याकडे मात्र पुसूनपासून ठेवलेले यंत्र पुष्कळदा मुके असते. धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि याच सबबीवर अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात प्रवेश नाकारला जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या अन्यायाला वाचा फोडली. काचेच्या कपाटातील धोटा हे सांगेल काय? रोज सकाळी फाटकाशी ताटकळणारा बदली कामगार, खोलीत पाळीपाळीने झोपणारे कोकण-घाटावरचे गाववाले, त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया, ही या वारशाची खरी दालने होत.

ज्या कामगाराला अजून हक्काचे घर मिळाले नाही, त्याला संग्रहालय काय चाटावयाचे आहे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे आणि घराचे देणे आधी फेडलेच पाहिजे. तथापि स्मृती पुसली की देणेही पुसले जाते. येथे गिरणी होती हेच पुढच्या पिढीला ठाऊक नसेल, तर त्या जमिनीवर कामगाराचा हक्क होता, हे तिला कोण पटवून देणार?

मीना मेनन व नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या आठवणी २००४ साली ग्रंथरूपाने जपल्या. हे काम पुढे नेण्यास अवधी थोडा आहे. संपात उतरलेला विशीतला तरुण आज साठी ओलांडून गेला आहे. अशा कामगारांना व खानावळवाल्या बायांना संग्रहालयात मानधन देऊन मार्गदर्शक नेमावे, त्यांची कथने ध्वनिमुद्रित करावीत. आणि शिक्षकांनी तरी संग्रहालयाची वाट का पाहावी? वर्गातील मुलांना एकदा करी रोडला उतरवावे आणि चाळीतल्या एखाद्या आजोबांपुढे बसवावे. भोंगा कधी वाजत असे, एवढेच त्यांना विचारावे. पुढचे ते आपणहून सांगतील.